'प्रेरणेचा अभाव' : मोजपट्टीची तपासणी

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात मी एक शोधनिबंध ऐकला. विषय होता ऑनलाइन अध्यापन आणि विद्यार्थ्यांची अध्ययन-प्रेरणा. निबंधात तक्ते होते, सरासरी होती, प्रमाण विचलन होते आणि शेवटी निष्कर्ष होता : मागासवर्गीय व ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये तंत्रज्ञानाधारित अध्ययनाविषयी प्रेरणेचा अभाव आढळतो. सभागृहात कोणी हलले नाही. हलण्यासारखे त्यात नवे काही नव्हतेच. आमच्या आजोबांना 'यांना डोके नाही' असे सांगण्यात आले, वडिलांना 'यांना शिकायची इच्छा नाही' असे सांगण्यात आले, आणि आता आमच्या विद्यार्थ्यांमध्ये 'प्रेरणेचा अभाव' सापडला आहे. भाषा सुधारली आणि मध्ये आकडा आला, एवढाच काय तो फरक.

चहाच्या वेळी मी निबंधवाचकांकडे त्यांची प्रश्नावली मागितली. त्यांनी ती मोकळेपणाने दिली. ते वाईट गृहस्थ नव्हते. पीएच.डी.ची मुदत जवळ आलेले, माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच घाईत असलेले प्राध्यापक होते. म्हणून हा लेख त्यांच्यावर नाही. त्यांच्या प्रश्नावलीसारख्या असंख्य प्रश्नावल्या आज आपल्या विद्यार्थ्यांकडून भरून घेतल्या जात आहेत. त्यातून निघालेला आकडा अहवालात जातो. आणि कोणत्या वर्गाला यंत्र द्यावे, कोणाला शिक्षक द्यावा, कोणावर खर्च करणे 'फुकट' आहे, हे ठरविताना तो अहवाल टेबलावर असतो. तेव्हा हा आकडा कसा तयार होतो, हे कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि ज्यांच्यावर तो चिकटवला जातो त्या विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे.

प्रेरणा ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. भूक दिसत नाही, भुकेला माणूस काय करतो ते दिसते. तसेच हे आहे. त्यामुळे मानसशास्त्रज्ञांना नेहमी आडवाटेने जावे लागले. हेन्री मरे आणि क्रिस्टिआना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये अस्पष्ट चित्रे दाखवून त्यावर गोष्ट रचायला सांगण्याची कसोटी मांडली. माणूस गोष्टीत जे घालतो ते त्याच्या मनातले असते, असा त्यामागचा विचार. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हीच वाट पुढे नेली आणि सिद्धिप्रेरणा, म्हणजे काहीतरी सरस करून दाखविण्याची ओढ, गोष्टींमधून मोजायला सुरुवात केली. १९६१ च्या 'द अचीव्हिंग सोसायटी' या ग्रंथात त्याने ही मोजदाद व्यक्तीवरून उचलून थेट समाजांना लावली. ज्या समाजात ही ओढ जास्त तो पुढे जातो, जिथे कमी तो मागे राहतो, असे त्याचे म्हणणे. हा विचार नंतर आपल्या देशातही आला. १९६४ पासून आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यापारी-उद्योजकांना हैदराबादेत नेऊन सिद्धिप्रेरणा वाढविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि त्याचा वृत्तान्त मॅक्लेलंड व डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रशिक्षणाने माणसे अधिक धडपडी झाली, असा त्यांचा निर्वाळा आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण मागे राहण्याचे कारण मागे राहिलेल्याच्या मनात शोधण्याची सवय येथे शास्त्र म्हणून प्रतिष्ठित झाली. जमीन कोणाची, भांडवल कोणाचे, बाजारपेठेत कोणत्या जातीला दुकान मांडता येते, हे प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहिले.

गोष्टी लिहून घेणे, त्या वाचणे, त्यांना गुण देणे हे काम वेळखाऊ. त्यापेक्षा सरळ विचारणे सोपे. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्येच एक सोयीची रीत घालून दिली होती. एक विधान द्यायचे आणि 'पूर्णपणे सहमत' पासून 'पूर्णपणे असहमत' पर्यंत पाच घरे करायची. घरांना पाच ते एक गुण, गुणांची बेरीज, बेरजेची सरासरी. आज शैक्षणिक तंत्रविज्ञानातील प्रेरणेचे संशोधन बहुतांशी या रीतीवर उभे आहे. त्यातील दोन मोजपट्ट्या आपल्याकडे वारंवार भेटतात. एक जॉन केलरची. त्याने १९८७ मध्ये अवधान, समर्पकता, आत्मविश्वास आणि समाधान अशी प्रेरणेची चार अंगे मांडली. त्यावरील पट्टीत ३६ विधाने आहेत. दुसरी पॉल पिंट्रिच व त्याच्या सहकाऱ्यांची, १९९१ ची. तिच्यात ८१ विधाने. त्यांतील ३१ प्रेरणेविषयी, उरलेली ५० अभ्यासाच्या पद्धतींविषयी, आणि उत्तर एक ते सात या अंकांत द्यायचे. ही दुसरी पट्टी ज्यांच्यावर घासून पाहिली ते विद्यार्थी ३८० होते, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले. त्यांतले ३५६ एका सार्वजनिक विद्यापीठातले. पट्टी करणाऱ्यांनी ही माहिती लपविली नाही. ती आपल्या प्रबंधांतून मात्र गाळली जाते आणि 'प्रमाणित चाचणी' एवढेच शब्द उरतात. कोणासाठी प्रमाणित, हे कोणी विचारत नाही.

तिसरी एक रीत आहे, न विचारता पाहण्याची. एडवर्ड डेसीने १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. मध्येच संशोधक काही निमित्ताने बाहेर जाई. खोलीत मासिके पडलेली असत, कोडेही असे. त्या मोकळ्या वेळात विद्यार्थी किती वेळ आपणहून कोड्याकडे वळतो, तेवढी त्याची आंतरिक प्रेरणा. ज्यांना कोड्यामागे पैसे दिले आणि नंतर ते थांबविले, त्यांचा मोकळ्या वेळातला रस घटला. प्रयोग मार्मिक आहे. येथे विद्यार्थी काय म्हणतो यापेक्षा काय करतो ते पाहिले. ही रीत आजच्या ॲपच्या नोंदींमध्ये कशी विकृत होते, ते पुढे पाहू.

आता मी घरी आणलेल्या त्या प्रश्नावलीकडे वळतो. ती इंग्रजीवरून मराठीत आणलेली होती. मूळ विधान पाठ्यसामग्री 'इंटरेस्टिंग' वाटते का, असे असावे. मराठीत ते झाले होते 'पाठ्यसामग्री मला रंजक वाटते'. आमच्या वस्तीतल्या मुलाला रंजक म्हटले की सिनेमा आठवतो. अर्थशास्त्राच्या पाठाला तो रंजक का म्हणेल? तो प्रामाणिकपणे 'असहमत' वर खूण करतो आणि अवधानाच्या घरात त्याचा एक गुण जातो. 'मला या विषयात चांगले यश मिळेल अशी माझी अपेक्षा आहे' हे दुसरे विधान. इंग्रजीत तिथे अंदाज अभिप्रेत आहे : असे होईल असे मला वाटते. मराठीत 'अपेक्षा' म्हणजे अंदाजही आणि आशाही. आशा कोणाला नसते? म्हणजे एकाने अंदाज सांगितला, दुसऱ्याने आशा सांगितली, आणि आपण दोघांची बेरीज करून 'आत्मविश्वास' नावाच्या रकान्यात लिहिली. नकारार्थी विधानांची तर आणखी गंमत. 'ऑनलाइन तासाला मला कंटाळा येत नाही.' ज्याला कंटाळा येत नाही तो बोलताना 'हो, नाही येत' असेही म्हणतो आणि 'नाही, नाही येत' असेही म्हणतो. कागदावर त्याने सहमत व्हावे की असहमत? मी हे विधान माझ्या वर्गातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखविले आणि काय समजले ते सांगायला लावले, तेव्हा वर्गाचे दोन तट पडले. भाषांतर पुन्हा इंग्रजीत उलटे करून ताडून पाहण्याची रीत रिचर्ड ब्रिस्लिनने १९७० मध्ये मांडली आणि ती चांगलीच आहे. पण ती दोन सुशिक्षितांमधला व्यवहार आहे. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याच्या तोंडून विधानाचा अर्थ ऐकणे, हे काम तिच्याने होत नाही.

यावर संशोधक म्हणतात, आमच्या प्रश्नावलीची विश्वसनीयता आम्ही काढली आहे, ती ०.८९ आहे. हा आकडा ली क्रॉनबॅकने १९५१ मध्ये रूढ केलेल्या अल्फा गुणकाचा. साधारणपणे ०.७० च्या वर तो गेला की मार्गदर्शक समाधानाने मान डोलावतात. हा गुणक सांगतो एवढेच की प्रश्नावलीतील विधाने एकमेकांशी सूर जुळवून आहेत. रेशनच्या दुकानातला काटा रोज किलोमागे पन्नास ग्रॅम मारत असेल, तर तोही अगदी विश्वसनीय काटा आहे. उद्याही तो पन्नासच मारणार. काटा खरा आहे की नाही हा वेगळा प्रश्न, त्याला सप्रमाणता म्हणतात. त्यातही एक खुबी अशी की, काही मुलांनी सगळ्याच विधानांना डोळे मिटून 'सहमत' म्हटले आणि सर्व विधाने एकाच दिशेने लिहिलेली असली, तर हा गुणक वाढतो. म्हणजे भीतीने किंवा कंटाळ्याने दिलेली एकसुरी उत्तरे शास्त्रीयतेचे प्रमाणपत्र मिळवून देतात.

भीतीने म्हणालो ते अनुभवाने. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही अशी एक प्रश्नावली भरली आहे. 'संगणकावर शिकायला मला आवडते' असे विधान होते. आमच्या महाविद्यालयातल्या संगणक कक्षाला कुलूप असे आणि तोवर मी की-बोर्डला दोनदा हात लावला होता. कागद वाटणारे सर अंतर्गत गुण देणारे सर होते. मी 'पूर्णपणे सहमत' वर खूण केली. माझ्या मागच्या बाकावरच्या मित्राने माझे बघून केली. एखाद्या शोधनिबंधात आम्ही दोघे अजून उच्च प्रेरणेचे विद्यार्थी म्हणून नांदत असू.

याच्या उलटही घडते, आणि ते अधिक नुकसान करते. 'मी अभ्यासात कष्ट घेतो' हे विधान घ्या. कष्ट कोणाच्या मानाने? माणूस स्वतःला मोजताना शेजारचा माणूस माप म्हणून घेतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करीत. पोती वाहून संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या मानेवरचा लाल वळ पाहिलेला मी, पुस्तक घेऊन बसण्याला कष्ट म्हणायला धजत नसे. मी त्या विधानाला पाचपैकी तीन दिले असते. ज्याच्या घरात सकाळी चहा टेबलावर येतो तो दोन तास बसून पाच देईल, आणि त्यात त्याचाही खोटेपणा नाही. पण आपण माझे तीन आणि त्याचे पाच शेजारी मांडून 'सार्थ फरक' काढतो. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करण्यापूर्वी ती पट्टी दोन्ही गटांत एकाच अर्थाने चालते का, हे तपासण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती उपलब्ध आहेत. त्या अवघड नाहीत. आपल्याकडच्या प्रबंधांत त्या क्वचित दिसतात. टी-चाचणी मात्र हमखास.

यंत्राच्या नवलाईबद्दल फार लिहीत नाही, कारण तो दोष आता जगजाहीर आहे. रिचर्ड क्लार्कने १९८३ मध्येच माध्यमांवरील संशोधनाची झाडाझडती घेताना दाखविले होते की, थोड्या आठवड्यांच्या प्रयोगात संगणकाचा परिणाम मोठा दिसतो आणि आठ आठवड्यांच्या पुढे तो बराच उतरतो. आपल्याकडचे प्रयोग पंधरा दिवसांत आटोपतात. नवा टॅब हातात आला त्या आठवड्यात कोणाला उत्साह वाटणार नाही? वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात गणिताचे प्राप्तांक ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. ही वाढ मोठी आहे. कार्यक्रम संपल्यानंतर एक वर्षाने ती सुमारे ०.१० वर आली होती. त्यांनी मुलांना 'आवडले का' असे विचारून अहवाल लिहिला नाही, परीक्षा घेतली आणि वर्षानंतर पुन्हा घेतली, म्हणून हे तरी कळले.

आता न विचारता पाहण्याची रीत. ऑनलाइन अध्यापनात ती फार सोपी झाली आहे, कारण यंत्रच नोंद ठेवते. विद्यार्थी कधी आला, किती मिनिटे थांबला, किती व्हिडिओ पूर्ण पाहिले. या नोंदींना 'सहभाग' म्हणतात आणि सहभाग म्हणजे प्रेरणा असे गृहीत धरून तक्ता करतात. डेसीच्या खोलीत कोडे सर्वांच्या पुढ्यात सारखेच पडलेले होते आणि मोकळा वेळ सर्वांना सारखाच होता. त्याची सगळी युक्ती या एका अटीवर उभी होती. आपल्याकडे ती अट कुठे आहे? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. इंटरनेटची सोय ग्रामीण १४.९ टक्के, शहरी ४२ टक्के. दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि याच घरांना ऑनलाइन शिका म्हणून सांगण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमध्ये सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले शहरांत २४ टक्के आणि खेड्यांत ८ टक्के होती. खेड्यांतल्या दलित-आदिवासी मुलांमध्ये ती ४ टक्के, तर इतर मुलांमध्ये १५ टक्के.

यावर कोणी म्हणेल, स्मार्टफोन घ्यावा, प्रश्न मिटतो. त्याच पाहणीत त्याचेही उत्तर आहे. ज्या घरांत स्मार्टफोन होता तिथेही नियमित ऑनलाइन शिकणारी मुले शहरांत ३१ आणि खेड्यांत १५ टक्केच निघाली. फोन घरात असतो म्हणजे मुलाच्या हातात असतो असे नाही. तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो. आणि घरी राहिलाच तर आधी भावाच्या हातात जातो. माझी एक विद्यार्थिनी रात्री साडेअकरानंतर व्याख्यान उघडायची आणि सात-आठ मिनिटांत बंद करायची. नोंदीत ती 'अल्प सहभाग' या गटात पडली. भाऊ झोपल्यावर तिला फोन मिळत असे, आणि दिवसाच्या डेटातले जे उरलेले असेल ते सात मिनिटे पुरत असे. ती मुलगी सहामाहीत वर्गात तिसरी आली. मी हे चमत्कार म्हणून सांगत नाही. रिचार्जचा हिशेब आणि मनाचा हिशेब एकाच रकान्यात लिहिला की काय होते, एवढेच सांगतो.

आंतरिक आणि बाह्य प्रेरणा या विभागणीचाही विचार केला पाहिजे. ज्ञानाच्या आनंदासाठी शिकणे ही आंतरिक, म्हणून उच्च; नोकरीसाठी, आईवडिलांसाठी शिकणे ही बाह्य, म्हणून हलकी, अशी उतरंड प्रश्नावल्यांमध्ये सर्रास असते. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी स्वतः इतकी ढोबळ मांडणी केलेली नाही. बाहेरून आलेले कारण माणूस हळूहळू आपले करतो, त्याच्या पायऱ्या आहेत, आणि मनापासून स्वीकारलेले ध्येय हे छडीच्या भीतीहून अगदी निराळे आहे, हे त्यांनी सविस्तर सांगितले. पण पायऱ्यांचा हा जिना मराठी प्रश्नावलीपर्यंत येईतो दोन रकान्यांचा होतो. आपल्या वस्त्यांतला मुलगा बाबासाहेबांचा आदेश डोक्यात घेऊन शिकायला येतो. आई रोजंदारीवर जाते म्हणून शिकतो, वस्तीतल्या धाकट्यांना वाट दिसावी म्हणून शिकतो. त्याची ही प्रेरणा बाहेरची की आतली? माझ्या हातातल्या प्रश्नावलीत तिला घरच नव्हते. 'इतरांना बरे वाटावे म्हणून मी शिकतो' हे त्यातल्या त्यात जवळचे विधान, आणि त्याला सहमती दिली की गुण कमी होत होते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे असावीत, म्हणजे त्यांच्यात शिक्षणाची गोडी उत्पन्न होईल, असे सुचविले होते. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात मुलाचे दोन हात शेतावर लागतात तिथे आधी त्या हातांची भरपाई, मग गोडी. गोडी नाही म्हणून भरपाई देण्यात अर्थ नाही, असा आजचा युक्तिवाद फुल्यांना उलटा वाटला असता. डेसीच्या प्रयोगात पैशाने रस घटला हे खरे. पण ते विद्यार्थी पोटाला चिमटा घेऊन कोडी सोडवीत नव्हते.

या सगळ्यात ज्या अभ्यासाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले तो प्रश्नावलीचा नाहीच. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत तो केला आणि २००६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. उच्च मानल्या गेलेल्या जातींतील ३२१ आणि दलित ३२१, अशा माध्यमिक वयाच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जितके सोडवाल तितके पैसे. जिथे जातीचा उच्चार झाला नाही तिथे दोन्ही गटांच्या कामात फरक निघाला नाही. जिथे मुलांची जात सर्वांसमक्ष उघड करण्यात आली तिथे मोठा फरक पडला. मुले त्याच वयाची, भुलभुलैये तेच, पैसे तेच. खोलीत फक्त एक शब्द जास्त उच्चारला गेला होता. आणखी एका फेरीत बक्षीस ठरविण्यामध्ये चिठ्ठीचा, म्हणजे माणसाच्या मर्जीबाहेरचा, भाग आणला. तेव्हा तो फरक पुन्हा नाहीसा झाला. संशोधिकांच्या मते यामागे मुलांची अपेक्षा आहे : आपल्याला न्याय मिळेल की नाही याविषयीची. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो ती मुलाच्या डोक्यात सुटी पडलेली नसते. समोरचा माणूस आपले काम प्रामाणिकपणे मोजेल का, या हिशेबात ती मिसळलेली असते. आणि हा हिशेब मुलांच्या मनात कोणी घातला, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

हा अभ्यास वाचल्यानंतर मी पुन्हा ती प्रश्नावली काढली. पहिले पान : नाव, हजेरी क्रमांक, प्रवर्ग, जात प्रमाणपत्र आहे/नाही, वडिलांचा व्यवसाय. दुसऱ्या पानावर प्रेरणा.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांत निरुत्साही कोणीच नसतो, सगळा दोष मोजपट्टीचा, असे म्हणणे हीसुद्धा एक प्रकारची दयाबुद्धी आहे आणि ती मला नको आहे. कंटाळणारी, चुकविणारी, फोनवर तासन्तास व्हिडिओ पाहणारी मुले माझ्या वर्गात आहेत. मीही तसा काही काळ होतो. प्रेरणा मोजूच नये असे माझे म्हणणे नाही. मोजली नाही तर जो तो आपल्या पूर्वग्रहाने अंदाज करील आणि तो अंदाज आपल्या बाजूचा असणार नाही, हे अनुभवाने माहीत आहे. पण मोजणाऱ्याने आधी साधनांची स्थिती वेगळी नोंदवावी : फोन कोणाचा, दिवसातून किती वेळ हातात, रेंज कुठे मिळते. ती प्रेरणेच्या गुणांत मिसळू नये. साधन सारखे नसेल तर दोन गटांच्या नोंदींची तुलनाच करू नये. प्रवर्गाचे पान शेवटी न्यावे आणि गुण देणाऱ्या शिक्षकाने कागद वाटू नयेत. आणि उघडा प्रश्न एक तरी ठेवावा.

या वर्षी आमच्या विभागाने प्रश्नावली केली तेव्हा सहकाऱ्यांशी थोडा वाद घालून मी असा एक प्रश्न शेवटी घातला : 'मागच्या वेळी तू व्याख्यान अर्धवट बंद केलेस, तेव्हा काय झाले होते?' नाव लिहायचे नव्हते. गठ्ठा घरी आणून रात्री वाचत बसलो. 'पॅक संपला.' 'भाकरी टाकायच्या होत्या.' 'फोन पप्पांना ड्युटीवर न्यायचा होता.' 'सर काय बोलतात ते कळत नव्हते आणि मागे जाऊन परत ऐकायला नेट लागते.' एकाने लिहिले होते, 'कंटाळा आला, सर फार वेळ एकच बोलत होते.' व्याख्यान माझेच होते.